घरात कॅन्सर आहे, मग मलाही होईल का? : बीआरसीए तपासणीआधी वाचावं असं काही

बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या दोन जनुकांत दोष असेल, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा दोष शोधणाऱ्या तपासणीसाठी रक्त घ्यायला दोन मिनिटं पुरतात. त्याआधीचं बोलणं मात्र बराच वेळ चालतं आणि त्यातला बराचसा भाग आत्या, मावशी, काका यांच्या आजारपणांवर जातो. त्या बोलण्याची तयारी घरूनच व्हावी म्हणून हे पत्रक.

कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांतच तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे होतो. आजीला पंचाहत्तरीत स्तनाचा कॅन्सर झाला, बाकी घरात कोणाला काही नाही, तर आम्ही बहुधा तपासणी करू नका असंच सांगू. पंचेचाळिशीच्या आत झालेला स्तनाचा कॅन्सर, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेला, पुरुषाच्या स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर मात्र जरूर या. आणि वडिलांकडची बाजू विसरू नका. दोष वडिलांकडूनही येतो. त्यांना स्वतःला बहुधा काही झालेलं नसतं, म्हणून तो ध्यानात येत नाही इतकंच.

हा धागा सापडला तोही घराण्यांचे इतिहास तपासूनच. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी 23 कुटुंबांतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 146 रुग्णांचा अभ्यास करून 1990 मध्ये दाखवलं, की कमी वयात होणाऱ्या कॅन्सरचं मूळ 17व्या गुणसूत्रावर आहे. बीआरसीए1 हे जनुक 1994 मध्ये हाती लागलं, 13व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए2 1995 मध्ये. दोघांचं काम डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याचं. अमेरिकेत या जनुकांचं पेटंट एका कंपनीकडे होतं. नैसर्गिक जनुकावर पेटंट घेता येत नाही, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून 2013 मध्ये दिला, आणि तिथे इतर लॅबनाही ही तपासणी खुली झाली.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए1 मध्ये दोष असलेल्या बायकांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 72 टक्के, तर बीआरसीए2 मध्ये 69 टक्के. अंडाशयाचा अनुक्रमे 44 आणि 17. अभ्यासातल्या बायका बहुतेक युरोपीय वंशाच्या होत्या, तेव्हा हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी.

पहिली तपासणी कोणाची करायची, यावरून आमच्याकडे नेहमी वाद होतो. मुलगी म्हणते माझी करा, आईला कशाला त्रास? पण आईला कॅन्सर झालेला असेल, तर आधी आईचीच करावी. तिच्यात नेमका दोष सापडला, की मुलीत तेवढाच शोधायचा. तो नसला, तर ‘नाही’ या उत्तराला खरा अर्थ येतो. आईला वगळून मुलीचा रिपोर्ट चांगला आला, तरी घरात नेमका कोणता दोष आहे हेच माहीत नसल्यामुळे त्यावर निश्चिंत होता येत नाही.

रिपोर्टमध्ये कधी कधी तिसरंच उत्तर येतं : बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. जगभरच्या माहितीसाठ्यांत भारतीयांचे नमुने कमी असल्यामुळे आपल्याकडे हे जास्त होतं. अशा उत्तरावर कोणी ऑपरेशन सुचवलं, तर घाई करू नका, जनुकतज्ज्ञाचं मत घ्या. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

घरात मामेबहिणीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, तर तेही सांगा. बीआरसीए2 चा दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आला, तर मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीए तपासणी आम्ही करत नाही. लहान वयात त्या माहितीचा उपयोग नसतो.

येताना बायोप्सीचे जुने रिपोर्ट आणा. ‘पोटात गाठ होती’ एवढंच माहीत असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या : गर्भाशय, अंडाशय की आतडं, आणि कितव्या वर्षी. अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल, तर नळी भरायच्या आधी सांगा. उपाशीपोटी यायची गरज नाही.