टाच जुळली, पण छपराचं काय?

छपरावर कौलं बसवणारा कारागीर तोल जाऊन खाली आला आणि पायांवर आदळला, तर सगळा मार टाचेच्या हाडाला बसतो. वरून पातळ कवच, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, असं हे हाड आहे. ते नुसतं मोडत नाही, दबून चुरतं. सर्जन धातूची पट्टी आणि स्क्रू घालून ते पुन्हा आकारात आणतो. पुढचे कित्येक आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं आणि डॉक्टर म्हणतात, "आता चालायला लागा."

सपाट फरशीवर तो चालतोही. पण त्याची रोजीरोटी उतरत्या छपरावर आहे. टाचेच्या हाडाच्या डोक्यावरच एक सांधा असतो, पाऊल आत-बाहेर कलवणारा. दगडगोट्यांतून, उतारावरून जाताना आपण पडत नाही, त्यात या सांध्याचा मोठा वाटा. टाच चुरली की नेमका हाच आखडतो. एक्स-रे पाहिला तर माणूस बरा. छपरावर उभा केला तर नाही. या दोहोंमधलं अंतर भरून काढणं हे डॉक्टरच्या एकट्याच्या हातातलं काम नाही, आणि मालकाच्या तर नाहीच.

जर्मनीत त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. त्याला रेहा-मॅनेजर म्हणतात. इतर अनेक देशांत केस मॅनेजर. जर्मनीत 1884 साली, चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, कामावरच्या अपघातांसाठी विम्याचा कायदा झाला. वर्गणी फक्त मालकांनी भरायची आणि प्रत्येक धंद्याची स्वतःची विमा संस्था, अशी रचना. उपचार, व्यायाम, बुडालेला पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन, सगळा खर्च त्याच एका संस्थेच्या अंगावर. त्यामुळे माणूस पुन्हा उभा राहावा यात तिचाही फायदा. 1890 मध्ये बोखुमला कोळसा खाणकामगारांसाठी बेर्गमान्सहाइल हे रुग्णालय सुरू झालं. जगातलं पहिलं अपघात रुग्णालय म्हणून ते ओळखलं जातं.

जखम गंभीर असेल तर विमा संस्थेचा रेहा-मॅनेजर वॉर्डातच भेटायला येतो. त्याला जाणून घ्यायचं असतं ते जखमेपलीकडचं: दिवसभरात नेमकं काय काय करता? शिडी किती वेळा चढता? खांद्यावर ओझं किती असतं? गुडघ्यावर किती वेळ बसता? मग डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मालक यांच्याशी बोलून तो तारखांसकट लेखी आराखडा करतो, आणि त्यावर जखमी कामगाराचीही सही असते. ही सही मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पायाचं पुढे काय होणार, हे त्याला कुणा तिसऱ्याकडून कळत नाही.

या आराखड्यामागचं शास्त्र जुनं आहे. बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं. आज त्याची यंत्रणाही बरीचशी उलगडली आहे. हाडाच्या आत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात पेशी अडकून बसलेल्या असतात. पाऊल टाकलं की हाड किंचित दबतं, नळ्यांमधला द्रव हलतो आणि ती हालचाल या पेशींना जाणवते. भार येतोय, इथे भर घाला, असा निरोप त्या पाठवतात. भारच नसेल तर उलटं घडतं. हाड विरळ होतं, पोटरी सुकते, सांध्याभोवतीचा पापुद्रा आकसतो. भार घाईने टाकला तर जोड हलतो, उशिरा टाकला तर पाय लाकडासारखा होतो. त्यामुळे भाराचीही औषधासारखी मात्रा ठरवावी लागते.

ही मात्रा कामाच्याच हालचालींतून देता येते. जर्मनीतल्या अपघात विम्यात त्यासाठी खास पुनर्वसन उपचार आहेत. तिथे व्यायामाच्या दालनातच शिडी, परांची, उतरत्या छपराचा तुकडा उभा केलेला असतो. कारागीर आधी रिकाम्या हाताने चढतो, मग ओझं घेऊन. पुढची पायरी म्हणजे खरी कामाची जागा, पण सुरुवातीला दिवसाला दोन ते चार तास, तेही आधी जमिनीवरचं काम. या काळात तो कागदोपत्री आजारीच धरला जातो आणि विम्याचे पैसे चालू राहतात. नाही जमलं तर मागे येता येतं. पगार जाईल ही धास्ती नसल्यामुळे तो दुखतंय ते खरं सांगतो, आणि खरं कळल्याशिवाय मात्रा ठरत नाही.

पूर्ण बरं झाल्याशिवाय काम नाही, ही समजूत पाठदुखीच्या बाबतीत तर चाचणीत उघड चुकीची ठरली आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेलसिंकी शहराच्या सेवेतल्या 186 कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की झेपेल तशी रोजची कामं करत राहा. सगळ्यात लवकर तिसरा गट सावरला, सगळ्यात उशिरा अंथरुणातला.

कॅनडात शेरब्रुकला पात्रिक लुआझेल आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन पाहिलं. पाठदुखीमुळे चार आठवड्यांहून जास्त घरी बसलेल्या 130 कामगारांपैकी काहींना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. काहींच्या बाबतीत उपचारांबरोबरच कामगार, त्याचा सुपरवायझर, युनियनचा प्रतिनिधी आणि तज्ज्ञ असे सगळे कामाच्या जागी एकत्र उभे राहिले आणि काय बदलता येईल ते ठरवलं. उपचार आणि ही भेट दोन्ही मिळालेले कामगार नेहमीच्या कामावर 2.4 पट वेगाने परतले. 1997 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या फरकातला मोठा वाटा दवाखान्याचा नव्हता, कामाच्या जागेवर झालेल्या बदलांचा होता.

अर्थात केस मॅनेजरचा पगार विमा कंपनी देत असेल, तर माणसाला घाईने कामावर ढकलण्याचा मोह होणारच. म्हणून मात्रा वाढवायची की नाही यात डॉक्टरचा आणि कामगाराचा शब्द मोजला गेलाच पाहिजे.

आपल्याकडे 1948 च्या कायद्याने आणलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला कामावर दुखापत झाली, तर बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण बांधकामावर ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे कितीतरी जण या योजनेच्या बाहेरच आहेत. आणि जे आत आहेत तेही पट्टी सुटल्यावर गेटवर येतात, तेव्हा "फिटचा दाखला आणलास का?" एवढंच विचारलं जातं. दाखला दाखवला की त्याच दिवशी, त्याच मशीनवर, पूर्ण पाळी. आठ आठवडे न टेकवलेली टाच पहिल्याच दिवशी आठ तास सिमेंटच्या कोब्यावर उभी असते.