दाणे आलेला मध, आजीचा संशय आणि क्रीम हनीची जुनी गोष्ट

दिवाळीनंतर थंडी पडली की आमच्याकडं बरणीतला मध बुडापासून पांढरा व्हायला लागतो. आजी बरणी उलटी करून बघायची अन् दरवर्षी तेच म्हणायची, "हा त साखरेचा दिसते, काहून आनला रे बापा?" मग मध देणाऱ्याचा उद्धार, अन् बरणी दिवसभर अंगणात उन्हात. आता त्याच गोठलेल्या मधाला क्रीम हनी म्हणून लोक मुद्दाम घरी करतात, तर हे आलं कुठून ते जरा सांगतो.

आधी एक गोष्ट. यात क्रीम नाही, दूध नाही, फेटून हवा भरलेली पण नसते. मधात मुख्य साखरा दोन, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, अन् पाणी जेमतेम १७-१८ टक्के, तेवढ्या पाण्यात ग्लुकोज मावत नाही म्हणून थंडीत ते दाणे धरून खाली बसते. म्हणजे दाणे आले म्हणून मध खोटा नाही (अन् दाणे आले म्हणून खरा, असंही नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांसाठी).

थंड देशात तर मध गोठणारच, त्याचं कोणाला नवल नव्हतं. खरी पंचाईत पुढची होती. दाणे बसले की उरलेला पातळ भाग आधीपेक्षा पाणचट होतो, त्यात यीस्ट माजते अन् मध आंबतो. कॅनडातल्या ऑन्टारियोत एल्टन डाइस नावाचा माणूस या आंबण्याच्या मागं लागला आणि पुढं अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यानं हे काम तडीस नेलं. म्हणजे ब्रेडवर लावायला छान म्हणून कोणी हे शोधलं नाही, माल नासत होता म्हणून शोधलं.

त्याची रीत अशी, मध साधारण ६६ डिग्रीपर्यंत तापवायचा म्हणजे यीस्ट मरते अन् जुने दाणे विरघळतात, मग झटकन २४ च्या आसपास थंड करायचा, त्यात १० टक्क्यांपर्यंत आधीच बारीक दाण्याचा झालेला मध कालवायचा अन् १४ डिग्रीला आठवडाभर हलवायचं नाही. विरजणासारखंच आहे बघा. फरक एवढाच की विरजणात जिवंत जंतू असतात अन् इथं निव्वळ दाणे. बारीक दाणे लाखोंनी असले की साखर सगळ्यांवर थोडी थोडी बसते, कुठलाच दाणा मोठा होत नाही, म्हणून मध जिभेवर लोण्यासारखा लागतो. नुसता सोडून दिला तर मोजकेच दाणे फुगतात अन् रव्यासारखी कचकच येते, आजीच्या बरणीत तेच व्हायचं.

या रीतीचं पेटंट मिळालं १९३५ मध्ये. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ ला, आपल्या वर्ध्यात गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला होता, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघायचे, अन् संघाचं ठाणं असलेल्या मगनवाडीत घाण्याच्या तेलासोबत मधमाशीपालनही चालायचं. पण इथला प्रश्नच वेगळा. आपल्याकडं जंगलातला मध म्हणजे आग्या मोहळाचा, ही माशी पेटीत राहतच नाही, झाडावर नाहीतर कड्यावर उघडं पोळं बांधते. मेळघाटातला असा मध पातळ असतो, पाणी २० टक्क्यांच्या वर जाऊ शकते, त्यामुळं दाणे धरायच्या आधीच तो आंबायची भीती. पूर्वी धूर करून अख्खं पोळं पिळायचे, अळ्या-परागासकट. नंतर वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मध काढणाऱ्यांना अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायला शिकवलं. मला विचाराल तर विदर्भातल्या मधासाठी डाइसच्या पेटंटपेक्षा हे काम मोठं आहे.

घरी करताना तापवण्यावरून मात्र भांडण ठरलेलं, कारण आयुर्वेदात मध तापवू नये म्हणतात अन् आमच्या घरी ते मोडायची कोणाची हिंमत नाही. म्हणून आम्ही तापवत नाही, पण मग यीस्ट मरत नाही, म्हणून कमी पाण्याचा दाट मधच घेतो. आधीचा गोठलेला १०० ग्रॅम मध खलबत्त्यात चांगला घोटायचा, दोन बोटांत चोळला तर खरखर लागली नाही पाहिजे, मग तो किलोभर न गोठलेल्या मधात लाकडी चमच्यानं हळूहळू कालवायचा, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं ४-५ डिग्रीत मध इतका घट्ट होतो की दाणा वाढायचं नाव घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत मातीच्या घरातलं माजघर यासाठी एकदम बेस्ट, बरणी भिंतीला टेकवून ठेवायची अन् आठ-दहा दिवस विसरून जायचं.

फक्त होळीच्या आत संपवा, एकदा ४५ चा पारा चढला की वर पातळ अन् खाली रवा, पुन्हा आजीची बरणी.