सौतीपासून वृषालीपर्यंत : मराठी कादंबरीतील महाभारताची पार्श्वभूमी

महाभारत निवेदकाशिवाय आपल्यापर्यंत कधी आलेलेच नाही. वैशंपायनांनी ते जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले, तेच पुढे सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ऐकवले. पुन्हा सांगितले जाणे हे या ग्रंथाच्या घडणीतच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कादंबरीकार या कथांकडे वळले, तेव्हा त्यांनी केलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे सांगणारा बदलला. सौतीच्या जागी खुद्द पात्रेच ‘मी’ म्हणून बोलू लागली.

त्याआधीची परंपरा मोठी आहे. मुक्तेश्वरांनी ओवीत आणि बारामतीच्या मोरोपंतांनी आर्येत भारतकथा मराठीत आणली. मात्र कथा सांगणारा कवी कीर्तनकारासारखा पात्रांच्या बाहेर उभा राहिला. पुराणकथेतून थेट वर्तमानावर बोलण्याचे धाडस रंगभूमीने केले. कृ. प्र. खाडिलकरांच्या 1907 सालच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या ठायी माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीच्या, म्हणजे दासीच्या वेषातल्या द्रौपदीच्या, ठायी पराधीन देश दिसला. सरकारलाही तो दिसला, आणि 1910 साली नाटकावर बंदी आली.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 साली प्रसिद्ध झाली. तिचे मूळ आदिपर्वात आहे, आणि त्या मूळ कथेतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. राजा ययातीची राणी देवयानी, आणि तिची दासी शर्मिष्ठा. ययातीपासून झालेली शर्मिष्ठेची मुले वनात खेळत असतात. त्यांचा बाप कोण, असे देवयानी विचारते, तेव्हा ती ययातीकडे बोट दाखवतात आणि त्याच्याजवळ धावत जातात. देवयानी समोर उभी असल्यामुळे राजा त्यांना जवळ घेत नाही, आणि मुले रडत रडत आईकडे परततात. व्यास एवढेच सांगून पुढे जातात. त्या क्षणी राजाच्या मनात काय चालले होते, याबद्दल ते एक शब्दही उच्चारत नाहीत. कादंबरीकाराला जागा सापडते ती अशा मौनात.

खांडेकरांनी कथेचा तपशील बराच बदलला. तो प्रसंग जसाच्या तसा घेण्यापेक्षा त्यामागचे मौन बोलते करणे त्यांना महत्त्वाचे वाटले असावे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आळीपाळीने आपापली बाजू मांडतात, आणि एकाच घटनेला तीन मने मिळतात. मूळ कथेत क्रोधापुरती उरलेली देवयानी इथे स्वतःच्या अपमानाचा हिशेब स्वतः मांडते. दुसरा मोठा निर्णय कचाविषयीचा, देवयानीने ज्याच्यावर आधी प्रेम केले त्याच्याविषयीचा, होता. महाभारतात संजीवनी विद्या मिळवून आणि देवयानीचा शाप घेऊन देवलोकी गेलेला कच ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणून संयमाचा प्रतिनिधी म्हणून ययातीसमोर उभे केले. त्याच्या चिंतनाचा भार काही ठिकाणी कथेला पेलत नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’, म्हणजे उपभोगाने वासना कधीच शमत नाही, हा मूळ कथेतला अनुभव स्वातंत्र्यानंतरच्या, सुखसाधनांकडे वेगाने ओढल्या जाणाऱ्या समाजाला आपला वाटला, यात कचाच्या पुनरागमनाचा वाटा मोठा आहे. या कादंबरीला 1960 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे 1974 सालच्या पुरस्काराने खांडेकर ज्ञानपीठाचे पहिले मराठी मानकरी ठरले.

याच काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. 1919 साली आरंभलेले आणि विष्णू सीताराम सुखटणकरांनी पद्धतशीर पायावर उभे केलेले हे काम 1259 हस्तलिखिते पडताळून 1966 साली पूर्ण झाले. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली काही वाक्ये मुख्य संहितेतून बाहेर गेली. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला उद्देशून म्हणते ते ‘नाहं वरयामि सूतम्’ (मी सूताला वरणार नाही) हे त्यांपैकीच एक.

पुढच्याच वर्षी, 1967 साली, दोन पुस्तके आली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन, चमत्कार बाजूला ठेवून, माणसांचा शोध घेतला. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये लोकमनातला कर्ण जवळ केला आणि त्याला नऊ भागांत बोलते केले, त्यांतले चार कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, पत्नी वृषाली आणि कृष्ण यांचे. संशोधन आणि कल्पना यांचे मार्ग इथे वेगळे झाले, पण प्रश्न एकच राहिला : या माणसांना स्वतःविषयी काय म्हणायचे असेल?

वृषालीच्या भागापाशी हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवरच्या विधवा एकेक करून कृष्णाला दाखवते, तेव्हा कर्णाच्या देहापाशी जमिनीवर कोसळलेली त्याची पत्नीही दाखवते. तिची ओळख तेथे वृषसेन आणि सुषेण यांची आई एवढीच आहे. सावंतांनी तिला नावासह कादंबरीचा एक संपूर्ण भाग दिला.