एपॉक्सी की पॉलिएस्टर? घरी कॅटामरान बांधणाऱ्याचं रेझिन

एपॉक्सी असो की पॉलिएस्टर, दोन्ही डब्यांत तसाच दाट द्रव, म्हणजे रेझिन. दोन्हींसोबत मिळणाऱ्या बाटलीला सगळे हार्डनरच म्हणतात. दोन्ही काचकापडात मुरले की तयार होतं त्याला ‘फायबर’ म्हणतात. मग त्यातलं स्वस्त, म्हणजे पॉलिएस्टर, का घेऊ नये? प्लायवुडचा कॅटामरान, म्हणजे दोन धडं आडव्या तुळयांनी जोडलेली बोट, सुट्टीच्या दिवशी थोडा थोडा बांधायचा असेल, तर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बाटलीचं बघू. पॉलिएस्टर रेझिन स्टायरिन नावाच्या उग्र वासाच्या द्रवात विरघळवलेलं असतं. त्यात साधारण १ ते २ टक्के एमईकेपी नावाचं पेरॉक्साइड घालतात. त्याचं काम फक्त रासायनिक क्रियेची साखळी सुरू करून देण्याचं. म्हणून गरम दिवशी थोडं कमी, थंडीत थोडं जास्त घातलेलं चालतं. एपॉक्सीत हार्डनर हा अर्ध्या रासायनिक क्रियेचा मालक असतो. प्रमाण ५:१, ३:१, २:१ असं काहीही असेल, पण डब्यावर लिहिलंय तेच पाळायचं. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला, तर जादाच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि थर मऊ राहतो. असा थर खरवडून काढण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. वेग बदलायचा तर फास्ट किंवा स्लो हार्डनर निवडायचा. पॉलिएस्टरवर हात बसलेली माणसं नेमकी इथेच फसतात. प्रमाण वजनाचं दिलंय की आकारमानाचं, हेही वाचून घ्या. दोन्ही आकडे सारखे नसतात.

खरा फरक मात्र चिकटण्यात आहे. साच्यात एकापाठोपाठ एक ओले थर चढवले, की पॉलिएस्टरचे थर एकमेकांत एकजीव होतात. कारखान्यात बनणाऱ्या असंख्य बोटी अशाच बनतात आणि उत्तम टिकतात. लाकडाशी त्याचं तितकंसं जमत नाही. सेट होताना ते बरंच आकसतं, लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, आणि काही वर्षांनी कापड सालीसारखं सुटू लागतं. एपॉक्सी कमी आकसतं आणि मुळात गोंदच आहे. कॅटामरानला हे फार लागू पडतं. लाटेवर दोन हल्स (बोटीची धडं) वेगवेगळ्या वेळी उचलले जातात, त्यामुळे आडव्या बीम्सवर आणि त्या जिथे टेकतात त्या बल्कहेड्सवर (हलमधल्या आडव्या भिंतींवर) सतत पीळ बसतो. तिथला जोड म्हणजे प्लायच्या दोन फळ्यांमधली रेझिनची गोलाई, तिच्यावर काचेची पट्टी. ही गोलाई भरताना एपॉक्सीत सिलिका किंवा लाकडाचं पीठ कालवतात. मायक्रोबलून्स (सूक्ष्म पोकळ गोळे) हलके आणि घासायला सोपे असतात, पण ते पुट्टीसाठी. भार घेणाऱ्या जोडात नकोत.

पॉलिएस्टरने प्लायची बोट होतच नाही असं नाही. १९६३ साली आलेली मिरर डिंगी ही छोटी शिडाची बोट तांब्याच्या तारांनी शिवून, काचेच्या पट्ट्या आणि पॉलिएस्टर लावून हजारो लोकांनी घरी बांधली. पण ती जेमतेम सव्वातीन मीटरची, एका हलची बोट.

आता फावल्या वेळाचा मुद्दा. असं काम वर्षानुवर्षं चालतं. पॉलिएस्टर साठवणीत काही महिनेच टिकतं, मग डब्यातच घट्ट होऊ लागतं. एपॉक्सी बंद डब्यात वर्षभराहून अधिक राहतं. थंडीत खडीसाखरेसारखे दाणे धरले तर गरम पाण्यात डबा ठेवून पुन्हा पातळ करता येतं. दोन सुट्ट्यांमधल्या खंडाचा त्रास मात्र एपॉक्सीतही आहे. पुढचा थर आधीचा चिकट असतानाच चढवला तर रासायनिक जोड मिळतो. आठवड्याने परत आलात, तर पृष्ठभागावर अमाइनचा (हार्डनरमधल्या रसायनाचा) मेणचट थर आलेला असू शकतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मग सँडपेपर मारायचा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत भरतं.

कापडही बघून घ्या. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचे, म्हणजे न विणता पसरलेल्या काचतंतूंच्या चटईचे, तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही. म्हणून मॅट ताठच राहते आणि नुसतं रेझिन पिते. एपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड द्या. रेझिनही कमी लागतं, आणि कॅटामरानच्या अरुंद हल्सना प्रत्येक जादा किलो जाणवतो. थर्माकोलचा गाभा वापरायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, की स्टायरिन थर्माकोल गिळून टाकतं.

तब्येतीच्या बाबतीत वासावर जाऊ नका. स्टायरिन नाकात झोंबतं, म्हणून माणूस आपणहून मास्क लावतो आणि खिडक्या उघडतो. एपॉक्सीला वास कमी, म्हणून निष्काळजीपणा होतो आणि एक दिवस त्वचेला ॲलर्जी सुरू होते. ती सहसा कायमची राहते. काहींना अर्धवट बोट सोडून द्यावी लागते. नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि हाताला लागलेलं रेझिन थिनरने कधीच पुसू नका, ते आणखी आत जातं. पॉलिएस्टरच्या बाजूचा धोका वेगळा: कोबाल्ट ॲक्सिलरेटर (सेट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि एमईकेपी थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो.

शेवटी रंग. सेट झालेल्या, घासलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी बसतं, म्हणून जुन्या फायबर बोटींची दुरुस्ती त्याने करतात. एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) नीट सेट होईलच याची खात्री नसते. आणि उघडं एपॉक्सी उन्हात खराब होतं, त्यामुळे हल पूर्ण झाला की त्यावर रंग चढवायचं काम फार दिवस लांबवू नका.