शेवटचं पुस्तक कितव्या पानावर सोडलंत?
(नाशिकमधल्या आमच्या वाचनालयाच्या नव्या-जुन्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

नवा सभासद आला की पावती फाडता फाडता आम्ही पूर्वी विचारायचो, "आवडता लेखक कोण?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पु. ल." काही जण जरा थांबून "व. पु." म्हणायचे. उत्तर खोटं नसायचं, पण शाळेतल्या निबंधात 'माझा आवडता पक्षी मोर' लिहावं तसं असायचं. त्यावरून पुढचं पुस्तक काढून देणं कठीण.

म्हणून आम्ही प्रश्न बदलला. आता विचारतो, "शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कितव्या पानावर सोडलंत?"

यावर लोक आधी ओशाळतात. पुस्तक सोडणं म्हणजे अन्न टाकणं, असं आपल्याला वाटतं. पानात काही टाकू नये हा नियम जेवणापुरता ठेवा, पुस्तकाच्या पानांना लावू नका. पन्नास पानं वाचून जे पुस्तक धरत नाही, ते खुशाल परत आणा. फक्त पान सांगा. आमच्या कामाची माहिती तीच आहे.

एक उदाहरण देतो. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येतात. त्यांनी फॉर्मवर 'ऐतिहासिक' लिहिलं होतं. आम्ही एकामागून एक पाच ऐतिहासिक कादंबऱ्या दिल्या. प्रत्येक कादंबरी तीन दिवसांत परत. शेवटी पानं विचारली. पाचही ठिकाणी काकांनी महालातली संध्याकाळ, समयांचा उजेड आणि दीड पानाचं स्वगत सुरू झालं की पुस्तक मिटलेलं. वाचलं काय होतं? वेढा कसा घातला, दाणागोटा किती दिवस पुरला, तोफ गडावर चढवली कशी. म्हणजे त्यांना कादंबरी नकोच होती, काम कसं झालं ते हवं होतं. भाऊसाहेबांची बखर दिली. ती परत करताना म्हणाले, "भाषा जड आहे, पण माणूस मुद्द्याचं बोलतो." सध्या ते किल्ल्यांची वर्णनं आणि पूल बांधणाऱ्या माणसांची चरित्रं नेतात.

उलटंही होतं. फॉर्मवर 'ऐतिहासिक नको' लिहिणाऱ्या एक ताई आनंदवल्लीला राहतात. राघोबादादांचा मुक्काम आनंदवल्लीला असे आणि माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई उतारवयात जवळच गंगापूरला येऊन राहिल्या होत्या, एवढंच बोलता बोलता निघालं. त्या दिवशी त्यांनी रणजित देसाईंची 'स्वामी' नेली आणि मग पेशवाईची अख्खी फळी संपवली. रोज ज्या रस्त्यानं दूध आणायला जायचं, तो रस्ता पुस्तकात भेटला की वाचक बदलतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय.

आणखी एक प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नका. "सध्या घरी कसं चाललंय?" ही चौकशी नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तेव्हापासून विचारतो. एका काकूंनी "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं आणि आम्ही मोठ्या उत्साहानं एक नावाजलेली कादंबरी दिली. तिच्यात घरातला कर्ता माणूस तीन प्रकरणं अंथरुणावर आहे. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन झालंय आणि काकू रात्री दवाखान्यात बसून वाचणार आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "चांगलंच आहे हो, पण आत्ता नको." त्यानंतर महिनाभर त्यांनी फक्त विनोदी पुस्तकं आणि जुनी मासिकं नेली.

आता फळ्यांविषयी. ग्रंथालयशास्त्राचे गुरू रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन आमच्यासारख्या छोट्या दुकानालाही पुरतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यांची आकड्यांची वर्गीकरण पद्धत मात्र आम्ही वापरत नाही, कारण तुम्ही आकडा सांगून पुस्तक मागत नाही, "ते निळ्या कव्हरचं" म्हणून मागता. आमच्याकडे आधी प्रकार, मग लेखकाचं प्रचलित नाव. यात एकच गंमत होते. कुसुमाग्रज कवितेच्या फळीवर आहेत आणि वि. वा. शिरवाडकर नाटकाच्या. माणूस एकच, पण कविता या नावानं आणि नाटकं त्या नावानं. कॉलेजची मुलं अजूनही विचारतात, "यांतला नाशिकचा कोण?"

नाशिकची म्हणून एक वेगळी फळी दाराजवळच आहे. तिथे शिरवाडकर पुन्हा भेटतील, शेजारी वसंत कानेटकर. खालच्या कप्प्यात बाबुराव बागूल. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. ज्यांना 'वास्तववादी' हवं असतं त्यांना आम्ही तो देतो, आणि एका बैठकीत संपवू नका असंही सांगतो. एक कथा, मग एक दिवस मध्ये. त्याच फळीवर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. लक्ष्मीबाई इथल्याच, जलालपूरच्या. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही आणि मराठी मात्र अशी की वाचताना कुणीतरी ओट्यावर बसून सांगतंय असं वाटावं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडानं घरातल्या माणसांचे काय हाल झाले, ते त्या हसवत सांगतात. दोन पानांनी लक्षात येतं की हे हसण्यासारखं नव्हतंच. आत्मचरित्र म्हटलं की ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्यावर आम्ही आधी हेच पुस्तक करून पाहतो. आजवर फार थोड्यांनी अर्धवट परत आणलंय.

रहस्यकथा आणि भयकथांबद्दल एक विनंती. त्या लपवून नेऊ नका. वर ज्ञानेश्वरीवरचं निरूपण आणि खाली रहस्यकथा, अशी जोडी काउंटरवर आली की आम्हाला हसू आवरत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी वाचनालयात नंबर लावणारी पिढी आज आजोबा झाली आहे आणि नातवंडांना "काहीतरी अभ्यासाचं वाच" म्हणून सांगते. आमचं मत विचाराल तर मुलाला वाचनाची गोडी लागायला उपदेशापेक्षा एक बरा खून जास्त उपयोगी. नारायण धारपांच्या भयकथा मात्र एका वेळी एकच देतो, कारण घरातले बाकीचे लोक रात्री दिवा चालू राहतो म्हणून तक्रार करतात.

कविता, प्रवासवर्णन, ललित, अनुवाद, पाककृती हे सगळं आहे. सगळ्यांचं सांगत बसत नाही, येऊन बघा.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खाकी खिसा चिकटवलेला दिसेल. त्यात पूर्वी तारखेचं कार्ड असायचं. तारखा आता कॉम्प्युटरवर गेल्या, खिसा रिकामा राहिला. तिथे आम्ही कोरी चिठ्ठी ठेवतो. पुस्तक परत करताना तिच्यावर दोन-तीन ओळी लिहा: हे कुणाला आवडेल, कुणाला आवडणार नाही आणि कितव्या पानापासून धरतं. परीक्षण नको. 'अप्रतिम', 'संग्राह्य', 'वाचलंच पाहिजे' हे शब्दही नकोत, त्यातून पुढच्याला काही कळत नाही. चिठ्ठी कशी असावी? एका जाड कादंबरीत ही आहे: "पहिली ४० पानं नेटानं काढा. नात्यांचा गोंधळ होतो, शेवटच्या कोऱ्या पानावर मी वंशावळ काढून ठेवलीय, पेन्सिलनं." दुसरी एका रहस्यकथेतली: "रेल्वेत वाचू नका. नाशिकरोडला उतरायचं होतं, मनमाडला उतरलो." या दुसऱ्या चिठ्ठीनंतर ते पुस्तक फळीवर टिकलेलं नाही. नाव लिहायची गरज नाही. आणि खुनी कोण ते लिहू नका. एका सभासदानं बाराव्या पानावर समासात बाण काढून 'हाच तो' लिहिलं होतं. ते खोडायला बराच वेळ गेला आणि पेन्सिलीचा वळ अजून दिसतो.

याच चिठ्ठ्यांवरून खिडकीजवळची 'झाकली फळी' सुरू झाली. तिथली पुस्तकं खाकी कागदात गुंडाळलेली असतात. वर लेखक नाही, नाव नाही, फक्त एखाद्या सभासदाची चिठ्ठी. आवडली तर न्यायचं, घरी जाऊन उघडायचं. नाव पाहून मत बनतं, हे जयंत नारळीकरांना चांगलं माहीत होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. पुढे २०२१ साली आपल्या नाशिकला भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते. झाकल्या फळीवरून विज्ञानकथा नेणारे निम्मे लोक एरवी 'आम्हाला विज्ञान कळत नाही' म्हणणारे असतात.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयातच कट्टा असतो. चहा आमचा, चिवडा ज्याला आणावासा वाटेल त्याचा. एकानं एकच पुस्तक आणायचं आणि गोष्ट सांगायची नाही. आवडलेलं एक पान मोठ्यानं वाचायचं, बस्स. आधी आम्ही लोकांना बोलू देत होतो. मग एक जण पाऊण तास बोलले आणि पुढच्या शनिवारी तिघंच आले.

दिवाळी अंकांची योजना नेहमीप्रमाणे आहे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पाडली, आणि वाचनालयांचा हंगाम तेव्हापासून दिवाळीनंतर सुरू होतो. वेगळी वर्गणी भरून एका वेळी दोन अंक न्यायचे, आठ दिवसांत बदलायचे. अंकांसाठी लोक नंबर लावून बसलेले असतात, तेव्हा ही मुदत पाळाच. शब्दकोडं पेननं सोडवू नका. राशिभविष्याचं पान फाडून नेणाऱ्यांना काय सांगावं? आम्ही आता त्या पानाची झेरॉक्स काउंटरवर ठेवतो.

निफाड-दिंडोरीकडच्या सभासदांसाठी एक वेगळी सोय आहे. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की बागेतून डोकं वर काढायला फुरसत नसते, डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या, दिवसांत तर नाहीच. अशा वेळी फोन करा. माल निघेपर्यंत सभासदत्व थांबवून ठेवू, वर्गणी पुढे धरू. तरीही काही वाचायचं असेल तर कथासंग्रह न्या. कादंबरी महिनाभर उघडली नाही की माणसं विसरतात, पहिल्यापासून वाचावी लागते.

पावसाळ्यात पुस्तक रेनकोटसोबत गाडीच्या डिकीत टाकू नका. भिजलंच तर इस्त्री फिरवू नका, उन्हातही ठेवू नका. पानांमध्ये मधे मधे कोरा टिपकागद घाला, पंख्याखाली उभं ठेवा आणि तसंच आमच्याकडे आणा. दंड घेणार नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलात तर मात्र घेऊ. टेप दोन-तीन वर्षांत पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि मग अक्षरांसकट निघते. आम्ही मैद्याची खळ शिजवून पातळ कागदाची पट्टी लावतो. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद असतं. ते विषारी आहे, घरी हा प्रयोग करू नका. जुनी पुठ्ठा बांधणीची पुस्तकं उलटी पालथी ठेवली की जुजबंदीचा, म्हणजे पानांच्या शिवणीचा, दोरा सुटतो. खूण म्हणून बसचं तिकीट चालेल, पेन चालणार नाही.

आमच्याकडे काय मिळणार नाही, तेही सांगून टाकतो. संदर्भग्रंथ, जुने गॅझेटियर, दुर्मिळ मासिकांच्या फाइली यासाठी सरळ 'सावाना'त जा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात आहे, आमच्या दोन खोल्यांनी त्याच्याशी काय बरोबरी करायची? सोसायटीत किंवा ऑफिसात एकदम पुस्तकांची पेटीच हवी असेल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ पासून चालू आहे, तिथे विचारा. त्या पेटीतलं एखादं पुस्तक आवडलं आणि त्या लेखकाचं आणखी काही हवं झालं, की मग आमच्याकडे या.

नेहमीचे नियम: एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक, मुदत पंधरा दिवस. पुढे कुणाचा नंबर नसेल तर फोनवर मुदत वाढवून मिळेल. अनामत सभासदत्व सोडताना पूर्ण परत. वर्गणीचे दर काउंटरवरच्या फलकावर आहेत. सोमवारी बंद. बंद असताना शटरशेजारच्या लाल पेटीत पुस्तक टाकता येतं, फक्त एकावेळी एकच टाका, दोन अडकतात.

पुस्तकांत राहिलेल्या वस्तू आम्ही काउंटरखालच्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवतो. सध्या डब्यात दोन पासपोर्ट फोटो, उकडीच्या मोदकांचं माप लिहिलेला कागद आणि एक मोरपीस आहे. शिवाय मागच्या महिन्यात एका प्रवासवर्णनात लाइटचं बिल सापडलं, इंदिरानगरचं, भरायची तारीख उलटून गेलेली. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.