मेलॅनिन आणि धातू-आयन

मेलॅनिन हे प्राणी, वनस्पती, बुरशी आणि जीवाणूंमध्ये आढळणाऱ्या काळ्या, तपकिरी व तांबूस रंगद्रव्यांचे सामुदायिक नाव आहे. त्वचा, केस, पिसे, डोळ्यांतील बुबुळ आणि सेपिया या समुद्री मृदुकाय प्राण्याची शाई यांचा रंग त्यामुळे येतो. शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख उन्हापासून राखण करणारे द्रव्य एवढीच होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) धरून ठेवण्याची त्याची ताकद तितकीच महत्त्वाची आहे.

मेलॅनिनच्या जन्मालाच धातू लागतो. टायरोसिनेज या एंझाइमाच्या गाभ्यात तांब्याचे दोन आयन शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येकाला हिस्टिडिन या ॲमिनो आम्लाचे तीन घटक धरून ठेवतात. हवेतला ऑक्सिजन या दोन आयनांमध्ये बांधला जातो आणि टायरोसिन या ॲमिनो आम्लापासून डोपाक्विनोन तयार होते. पुढे सिस्टीन हे गंधक असलेले ॲमिनो आम्ल भेटले तर गंधकयुक्त, तांबूस फिओमेलॅनिन बनते. नाही भेटले तर डायहायड्रॉक्सिइंडोल आणि त्याचे कार्बॉक्सिलिक आम्ल यांच्या जोडणीतून काळे युमेलॅनिन. काळ्या मेंढीच्या चाऱ्यात तांबे कमी पडले की नवी लोकर करडी उगवते आणि तांबे पुन्हा मिळू लागले की काळी. लोकरीच्या एकाच धाग्यावर तेव्हा करडा पट्टा दिसतो.

युमेलॅनिनचे एकच एक रेणुसूत्र लिहिता येत नाही. घटक कमीअधिक ऑक्सिडीकरण झालेल्या स्थितीत, वेगवेगळ्या जागी जोडलेले असतात आणि नेहमीच्या कोणत्याही द्रावकात ते नीट विरघळत नाही. धातू पकडण्याच्या जागा तरी स्पष्ट आहेत : कॅटेकॉल या वलयाकार कार्बनी रचनेचे दोन शेजारी हायड्रॉक्सिल (OH) गट, कार्बॉक्सिल गट आणि नायट्रोजन असलेले गट. कॅल्शियम व मॅग्नेशियम मुख्यतः कार्बॉक्सिल गटांपाशी राहतात. फेरिक (तीन धनभार असलेल्या) लोहाची ओढ कॅटेकॉलकडे असते. सेपियाची शाई ईडीटीए या धातू-आयन पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने धुतली तर कॅल्शियम व मॅग्नेशियम बरेचसे निघून जातात; लोह मात्र चिवटपणे मागे राहते.

लोह आणि कॅटेकॉल यांचे नाते परीक्षानळीत डोळ्यांना दिसते. आम्लधर्मी द्रावणात एका लोह-आयनाला एकच कॅटेकॉल बिलगतो व रंग हिरवट येतो. आम्लता कमी करत गेले की दुसरा जोडला जाऊन जांभळा आणि अल्कधर्मी द्रावणात तिसरा येऊन लाल रंग उमटतो. हायड्रॉक्सिल गटांवरचे प्रोटॉन सुटले की धातूला जागा मिळते, म्हणून पीएच (आम्लतेचे माप) बदलताच पकडही बदलते.

मेलॅनिनमध्ये स्थिर मुक्त मूलके, म्हणजे जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे रेणुभाग, कायम असतात. असे एकटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या इलेक्ट्रॉन स्पिन अनुस्पंदन या तंत्राच्या वर्णपटात त्यांचा संकेत मिळतो. जस्ताचे आयन घातले की हा संकेत वाढतो, कारण कॅटेकॉल व त्याचे ऑक्सिडीकरण झालेले रूप क्विनोन यांपासून होणारे सेमिक्विनोन मूलक जस्त स्थिर करते. तांबे घातले की संकेत मंदावतो. पण तेवढ्यावरून मूलके नाहीशी झाली असे समजणे चूक ठरेल. तांब्याच्या आयनावर स्वतःचा एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या चुंबकीय आंतरक्रियेमुळे संकेत दबतो.

मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातले न्यूरोमेलॅनिन वयाबरोबर साठत जाते आणि मोठ्या प्रमाणात लोह बाळगते. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अत्यंत विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलक घडवते. लोह बांधून ठेवणे हे पेशीचे मोठे संरक्षण आहे. पण क्षमतेबाहेर भार पडला किंवा पेशी मेली आणि कण बाहेर सांडले, तर हाच साठा अपायकारक होऊ शकतो. पार्किन्सन रोगात नेमक्या याच भागातल्या रंगद्रव्ययुक्त पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, म्हणून या रसायनाचा अभ्यास आता चेताविज्ञानातही मोलाचा झाला आहे.

प्रयोगशाळेत डोपामिनचे किंचित अल्कधर्मी पाण्यात ऑक्सिडीकरण केले की पॉलिडोपामिन हा मेलॅनिनसारखा थर जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर चिकटतो. २००७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पाण्यातील जड धातू शोषून घेण्यासाठी अशा थरांवर बरेच काम झाले आहे.

मेलॅनिन आणि तांबे यांची सोबत अतिशय दीर्घकाळ टिकते. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या कन्फ्युशियसॉर्निस या पक्ष्याच्या जीवाश्मावर सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाचे क्ष-किरण टाकून तांब्याचा नकाशा काढण्यात आला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. युमेलॅनिनशी बांधलेल्या तांब्याच्या खुणांवरून त्याच्या पिसांवर गडद रंग कुठे होता, हे त्यातून उलगडले.