आठ टनांचं ओझं, ६४० टनांचा हमाल

बडोद्यात सी-२९५ हे लष्करी मालवाहू विमान जुळवलं जातं. टाटा-एअरबसच्या या कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ला झालं. विमान साडेचोवीस मीटर लांब, पंखांचा पसारा त्याहून थोडा जास्त. उडताना सगळं मिळून वजन फार तर २३ टन, आणि त्यात ९ टनांपर्यंत माल. चांद्रयान-३ नेणारं इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेत ८ टनांच्या आसपास वजन पोचवतं. ओझं जवळपास तेवढंच, पण हा हमाल ४३.५ मीटर उंच आणि तब्बल ६४० टनांचा!

उंच जायचं म्हणून एवढं धूड, असं वाटतं. पण उंची हा ऊर्जेच्या खर्चाचा लहान भाग. वर जाऊन खाली पडायचं नसेल, तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आडवा वेग हवा. बडोदा ते मुंबई हे सरळ रेषेतलं अंतर सी-२९५ पाऊण तासात कापेल. कक्षेतला उपग्रह पाऊण मिनिटात. वेग साठपटीच्या जवळ, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे साडेतीन हजार पटींच्या घरात.

त्यात विमानाला हवेची फुकट मदत. पंख हवेवर रेलतात, त्यामुळे इंजिनाला सगळं वजन उचलावं लागत नाही. रॉकेटला मात्र सुटतानाच स्वतःच्या वजनापेक्षा जास्त रेटा द्यावा लागतो. शिवाय किलोभर केरोसीन जाळायला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. विमान तो वाटेत हवेतून घेतं; रॉकेटला आपली सोय बरोबर न्यावी लागते. पावागड चढताना वाटेत पाणी मिळणारच नसेल, तर सगळं पाठीवर घ्यावं लागेल, आणि त्या ओझ्यानेच तहान वाढेल. एलव्हीएम-३च्या ६४० टनांपैकी साडेपाचशेच्या आसपास नुसतं इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर आहे. म्हणूनच रिकामे झालेले टप्पे, म्हणजे इंधन संपलेले भाग, ते वाटेतच टाकून देतं.

परतीला मात्र पंख कामाला येतात. इस्रोचं ‘पुष्पक’ हे छोटं पंखवालं यान जून २०२४मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलं, आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. पंख आखूड, म्हणून टेकतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरहून जास्त. प्रवासी विमान साधारण २६०ने उतरतं. म्हणून पुष्पकला ब्रेकआधी पॅराशूट उघडावं लागलं.